पंधरवड्याचे मिशन : सेवा आणि सुवार्ता



कामगार संघटनेच्या माणसाने ख्रिस्ती मिशनांच्या वैद्यकीय फेऱ्यांविषयी बोलायला उभे राहावे, हे आपणांपैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. मी डॉक्टर नाही, ख्रिस्ती नाही, आणि कॉलेजची पायरीही चढलेला नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. परंतु एक गोष्ट मी गेली तीस वर्षे फार जवळून पाहत आलो आहे, ती म्हणजे रांग. रेशनची रांग, पगाराची रांग, कामगार विम्याच्या दवाखान्यातली रांग. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनाची अवस्था काय असते, आणि रांगेच्या तोंडाशी टेबल मांडून बसलेल्या माणसाच्या हाती केवढी सत्ता असते, एवढे मला अनुभवाने कळते. आजचा विषय वस्तुतः या रांगेचाच आहे.

अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक प्रथा रुजली आहे. दहा-वीस माणसांचा गट जमवायचा, त्यात दोन-तीन डॉक्टर, एखादा दंतवैद्य, चार परिचारिका आणि बाकी सारे हौशी स्वयंसेवक घ्यायचे. आठवडाभराची किंवा पंधरवड्याची रजा टाकायची, आपापल्या खर्चाने किंवा मंडळीने गोळा केलेल्या वर्गणीतून एखाद्या गरीब देशात जायचे, तेथे रोग्यांना औषध द्यायचे आणि त्याबरोबर येशू ख्रिस्ताची सुवार्ता सांगायची. याला ते अल्पमुदतीचे मिशन म्हणतात. २००५ च्या सुमारास अमेरिकन अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे, सर्व प्रकारच्या अशा फेऱ्यांवर वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन परदेशी जात होते. यांतले सगळेच वैद्यकीय नव्हेत. कोणी घरे बांधतात, कोणी शाळा रंगवतात, कोणी मुलांचे मेळावे घेतात. परंतु सेवा आणि उपदेश यांचा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो वैद्यकीय फेरीतच, कारण तेथे समोर उभा असलेला माणूस दुखण्याने गांजलेला असतो.

आता ही फेरी प्रत्यक्षात चालते कशी, ते पाहू. मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा लहानसा डोंगराळ देश आहे. अमेरिकेपासून विमानाने काही तासांच्या अंतरावर असल्यामुळे असे गट तेथे फार जातात. तेथली एखादी स्थानिक मंडळी आणि तिचा पाळक यजमान असतो. कोणत्या गावात जायचे हे बहुधा तोच ठरवतो. डॉक्टर, औषधांच्या पेट्या आणि दुभाषे घेऊन सकाळी पिकअप गाडी डोंगर चढते. गावातली शाळा नाहीतर प्रार्थनामंदिर हाच त्या दिवसाचा दवाखाना. दाराशी नाव लिहून चिठ्ठी द्यायची, पुढच्या बाकावर रक्तदाब आणि ताप पाहायचा, आत डॉक्टरने दुभाष्याच्या मदतीने चार प्रश्न विचारायचे, पलीकडे दंतवैद्याने किडलेले दात उपटायचे, आणि शेवटी औषधांच्या टेबलावरून जंताचे औषध, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, पित्तावरचे औषध, म्हाताऱ्यांना वाचायचे चष्मे, असे पदरात पडायचे. दिवसाकाठी दोनशे-तीनशे माणसे अशी सहज निघतात.

या रांगेत कोठेतरी आणखी एक बाक असते. ते प्रार्थनेचे बाक. काही गट ते डॉक्टरच्या आधी ठेवतात, काही औषधांच्या टेबलाच्या आधी, तर काही अगदी शेवटी, दाराबाहेर. तेथे स्वयंसेवक रोग्याला बसवून येशूविषयी सांगतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो, आणि तुम्ही त्याचा स्वीकार करता का, असे विचारतो. भाषा येत नाही म्हणून रंगांचा आधार घेतात. काळा रंग पापाचा, तांबडा ख्रिस्ताच्या रक्ताचा, पांढरा शुद्धीचा, हिरवा वाढीचा, सोनेरी स्वर्गाचा. अशा रंगीत मण्यांची मनगटी मुलांच्या हातात बांधतात. ही रंगांची युक्ती जुनी आहे. लंडनचा प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन याने १८६६ साली तीन रंगांपासून तिची सुरुवात केली. रात्री पडदा लावून येशूच्या जीवनावरचा १९७९ सालचा चित्रपट दाखवतात. किती रोगी तपासले आणि किती जणांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, हे दोन्ही आकडे परत गेल्यावर आपल्या मंडळीपुढे ठेवण्याची पुष्कळ गटांत रीत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिशनरी म्हटला की तो बिगरख्रिस्ती माणसालाच बाटवतो, अशी आपली समजूत असते. होंडुरासचे लोक स्पॅनिश अंमलापासून, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे, ख्रिस्तीच आहेत, आणि दीर्घकाळ ते बहुतांशी कॅथलिक होते. तेथे जाणारे गट बहुधा प्रॉटेस्टंट पंथांचे असतात. म्हणजे ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसालाच आपल्या पंथाची दीक्षा देऊ पाहतो. तेव्हा आजचा प्रश्न हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा नाही. तो देणारा आणि घेणारा यांच्यामधला आहे, आणि म्हणूनच तो आपणां सर्वांचा आहे.

हे सेवा आणि उपदेशाचे लग्न लागले कोठे? त्याचे मूळ थेट शुभवर्तमानात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या बारा शिष्यांना गावोगाव पाठवतो, तेव्हा उपदेश करा आणि रोग्यांना बरे करा, अशा दोन्ही आज्ञा एकदमच देतो, आणि हे सर्व फुकट करा असेही बजावतो. ते शिष्य पिशवी न घेता गेले आणि यजमानाच्या घरी उतरले, एवढा मात्र फरक. आजचे गट पेट्या भरून नेतात.

अर्वाचीन काळात या कल्पनेला संस्थेचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात. पीटर पार्कर नावाचा अमेरिकन तरुण धर्मशास्त्र आणि वैद्यक दोन्ही शिकून १८३४ साली चीनमधील कँटनला पोचला. १८३५ साली त्याने तेथे डोळ्यांचे रुग्णालय उघडले. गर्दी इतकी लोटली की आकडे घातलेल्या बांबूच्या पट्ट्या रोग्यांना देऊन क्रम लावावा लागला. पाहा, टोकनाची पद्धत किती जुनी आहे ती! पुढे १८४१ साली एडिंबरो येथे वैद्यकीय मिशनासाठी स्वतंत्र संस्था निघाली, आणि शिकलेल्या डॉक्टरांना मिशनांत मानाचे स्थान मिळाले.

या परंपरेतला एक मोठा माणूस तर आपल्याच मातीत राबला. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ साली या देशात आले, आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. ते १९२८ पर्यंत येथे राहिले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे! त्यांनी येथल्या मुलामुलींना वैद्यकाचे आणि शुश्रूषेचे शिक्षण दिले. मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणून जे नाव झाले, त्याचा पाया या रुग्णालयाने घातला. तेथेही उपदेश होत असे; वान्लेस यांनी आपण मिशनरी आहोत हे कधी लपवले नाही.

आमच्या आजीचा मोतीबिंदू मिरजेत काढला. मी तेव्हा लहान होतो. वॉर्डात सकाळी एक बाई येऊन गाणे म्हणत आणि येशूची गोष्ट सांगत. आजी माळकरी. घरी आल्यावर शेजारणींनी विचारले, ‘काय गं, बाटवलं तर नाही ना तुला?’ आजी म्हणाली, ‘त्यांनी त्यांच्या देवाचं सांगितलं, मी माझ्या विठोबाचं नाव घेतलं. डोळा मात्र चांगला झाला.’ ती तीनदा पट्टी बदलायला गेली, आणि तिन्ही वेळा तोच डॉक्टर तेथे होता. या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर पुन्हा येणार आहे.

मग चाळीस वर्षांचे मिशन पंधरवड्यावर कसे आले? पहिले कारण जेट विमान. जेथे जायला पूर्वी बोटीने महिना लागे, तेथे आता एका दिवसात पोचता येते. दुसरे कारण पगारी रजा आणि मध्यमवर्गाच्या हातातला पैसा. तिसरे कारण तरुणांची संघटना. जॉर्ज व्हर्वर या कॉलेजातल्या मुलाने १९५७ साली दोन मित्रांसह मेक्सिकोची फेरी केली, आणि त्यातून एक जागतिक संस्था उभी राहिली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना थोड्या मुदतीसाठी मिशनावर पाठवणारी दुसरी संस्था काढली. जन्मभराचे व्रत घेणारी माणसे नेहमीच थोडी असतात. पंधरा दिवस देणारी पुष्कळ मिळतात. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या युनियनमध्येही पूर्ण वेळ काम करणारा एक असतो आणि मोर्चापुरते येणारे हजार असतात. मोर्चाला ते हजार लागतातच.

आता न्यायाने जमेची बाजू आधी मांडली पाहिजे. काही दुखणी अशी असतात की कुशल हात एकदा लागला म्हणजे काम होते. मोतीबिंदू, फाटलेला ओठ, हर्निया, किडलेला दात, अंगावर वाढलेली मोठी गाठ. अशा रोग्याला डॉक्टर पंधराच दिवस राहणार असला तरी, मागे पट्टी पाहणारे कोणी असेल तर, जन्माचे सुख मिळू शकते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७८ साली डॉन व डेयॉन स्टीव्हन्स या दांपत्याने सुरू केलेली रुग्णालय-जहाजांची संस्था, मर्सी शिप्स. ही संस्थाही उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेवर उभी आहे. तिची जहाजे आफ्रिकेच्या बंदरांत सुमारे दहा दहा महिने मुक्काम करतात. ग्लोबल मर्सी या नव्या जहाजावर सहा शस्त्रक्रियागृहे आहेत. डॉक्टरांपासून स्वयंपाक्यापर्यंत सारे स्वयंसेवक; पगार नाही, उलट आपल्या राहण्याजेवणाचा खर्च तेच भरतात. कोणी दोन आठवडे येतो, तर कोणी वर्षानुवर्षे राहतो. रोग्याला धर्म विचारत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती त्या त्या देशातील डॉक्टर-परिचारिकांना शिकवून तयार करते. येथे माणसे थोड्या दिवसांची असली तरी संस्था कायमची आहे. माणूस बदलला तरी रोग्याचा कागद जागेवर राहतो.

उणे बाजू दिसू लागते ती जेथे फक्त माणसे येतात आणि मागे काही उरत नाही, तेथे. रक्तदाबाचेच घ्या. डोंगरावरच्या बाईचा दाब वाढलेला निघाला, तिला ३० गोळ्या दिल्या. एकतिसाव्या दिवशी काय? रक्तदाबाचे औषध रोज आणि बहुधा जन्मभर घ्यावे लागते. जंताचे पाहा. गोळीने जंत मरतात हे खरे. पण शौचाची सोय नसेल आणि पाणी तेच राहिले, तर काही महिन्यांत जंत पुन्हा होतात. पुढच्या वर्षी दुसरा गट येऊन पुन्हा तीच गोळी देतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातला हा प्रकार. ज्या पैशांत वीस माणसांचा विमानप्रवास झाला, त्या पैशांत गावाला नळ आला असता का, हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारायचा नसतो, कारण दान घेणाऱ्याने हिशेब मागायचा नसतो!

औषधांचीही एक कथा आहे. दान म्हणून येणारी औषधे पुष्कळदा मुदत संपत आलेली असत, त्यांवरची माहिती परक्या भाषेत असे. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली नियम घालून दिले. औषध पोचल्यावर त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, त्यावरची माहिती तेथल्या वैद्यकीय माणसांना समजेल अशा भाषेत असावी, आणि ते त्या देशाच्या गरजेनुसार असावे. असे नियम करावे लागले, यातच सर्व काही आले.

आता मजुराच्या दृष्टीने सर्वांत बोलका हिशेब सांगतो. तो वैद्यकीय फेरीचा नाही, घरबांधणीचा आहे. पण दोन्हींचे गणित एकच. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर होंडुरासवर मिच नावाचे भयंकर चक्रीवादळ आले. हजारो माणसे मेली, गावेच्या गावे वाहून गेली. घरे बांधायला अमेरिकेतून गटांमागून गट गेले. कर्ट व्हेर बीक हे समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहतात, आणि स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. त्यांनी याचा अभ्यास केला. विमानभाडे धरून एका गटाचा खर्च सुमारे ३०,००० डॉलर होई आणि त्यातून एक घर उभे राही. तेच घर तेथले लोक सुमारे २,००० डॉलरांत बांधू शकत होते. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे! आणि त्या पंधरा घरांवर वादळाने रिकामे झालेले तेथलेच गवंडी-सुतार रोजगाराला लागले असते. परदेशी हातांनी बांधलेल्या घरात राहणारे आणि देशी हातांनी बांधलेल्या घरात राहणारे यांच्या जीवनात व्हेर बीक यांना काही फरक आढळला नाही. इतकेच नव्हे, तर गटांतील माणसे परत गेल्यावर त्यांच्या आयुष्यातही टिकाऊ बदल फारसा आढळला नाही. मी तो हिशेब वाचला तेव्हा दोन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. जो गवंडी हात बांधून उभा राहिला आणि परक्या पाहुण्याला आपल्या गावात विटा रचताना पाहत राहिला, त्याचे काय झाले असेल?

ही टीका बाहेरच्यांनीच केली असे नव्हे. इव्हान इलिच हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्याने भाषण केले, आणि तुमचा सद्हेतूच या गावांना भारी पडतो, असे त्यांना तोंडावर सुनावले. तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना तुम्हाला ‘जा’ म्हणता येत नाही, मग ही सेवा कोणाची, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. पुढे २००३ साली अमेरिकेतील काही मिशनांनी मिळून स्वतःसाठी आचाराचे दंडक ठरवले. यजमान मंडळीच्या सल्ल्याने चालावे, जाण्यापूर्वी शिकून घ्यावे, परतल्यावर पाठपुरावा करावा, असा त्यांचा आशय. म्हणजे आपल्या चुका पाहण्याची ताकदही त्या समाजात आहे, हे कबूल केले पाहिजे.

येथवर हिशेबाचा प्रश्न झाला. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध देणाऱ्याने त्याबरोबर धर्म द्यावा काय?

याला मिशनरी जे उत्तर देतो ते हलके नाही. तो म्हणतो, ‘मी येथवर आलो तोच या श्रद्धेपायी. ती नसती तर मी घरी बसलो असतो. माझ्याजवळचे सर्वांत मोलाचे औषध मी लपवून ठेवू आणि लहान औषध तेवढे देऊ, हा दांभिकपणा नव्हे काय?’ मला या उत्तराचा आदर वाटतो. मी स्वतः एका विचाराचा प्रचारक आहे. कामगाराला विम्याचा अर्ज भरून देताना संघटनेचे महत्त्व त्याला सांगू नको, असे कोणी म्हटले तर मी ऐकणार नाही.

आणि येथेच मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनने यंत्रमाग कामगारांसाठी मोफत तपासणी शिबिर भरवले. कापसाच्या धुळीने छाती खराब होते, मागांच्या आवाजाने कान जातात. शहरातले दोन भले डॉक्टर एक दिवस द्यायला तयार झाले. मांडणी माझ्याकडे होती. मी दाराशी पहिले टेबल लावले ते सभासद नोंदणीचे, आणि त्याच्या मागे डॉक्टरांचे. त्या दिवशी दोनशेहून अधिक पावत्या फाटल्या. मी खूश होतो. दुपारी एक कांडी भरणारी बाई टेबलाशी आली. तिने विचारले, ‘भाऊ, पावती फाडली तरच डॉक्टर बघणार का?’ मी म्हटले, ‘नाही बाई, तसं काही नाही.’ ती म्हणाली, ‘मग टेबल पुढं का मांडलंय?’

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. मी कोणावर सक्ती केली नव्हती. पण गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. गरजवंताला अक्कल असते. नाही म्हणायची सोय नसते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत ती किती? पुढच्या वर्षी मी टेबल मागच्या दाराबाहेर, झाडाखाली नेले. एकतीसच पावत्या फाटल्या. पण आधीच्या दोनशेंपैकी निम्मेही दुसऱ्या वर्षी वर्गणी द्यायला उभे राहिले नव्हते, आणि त्या एकतिसांतले बहुतेक आजही आमच्याबरोबर आहेत.

याच्या उलट बाजूचेही एक शिबिर मी पाहिले आहे. एका कारखान्याने कामगारांसाठी मोफत तपासणी ठेवली. नाश्ता होता, फोटो होते, फलक होता. छातीचे आणि कानांचे कागद मात्र कामगाराच्या हाती न देता वरच्या कचेरीत गेले. दोन महिन्यांत खोकणारे तिघे हंगामी कामगार घरी बसले. तपासणी फुकट होती, पण तिची किंमत त्या तिघांनी भरली.

म्हणून मी असे म्हणतो की श्रद्धा हे सेवेचे कारण असायला हरकत नाही. ती सेवेची किंमत असता कामा नये. आजीला वॉर्डातले गाणे ऐकावे लागले, पण त्याने तिचा डोळा अडला नाही, आणि तिचा डॉक्टर दुसऱ्या दिवशीही, दुसऱ्या वर्षीही तेथे होता. काही चुकले असते तर जाब विचारायला ठिकाण होते. चाळीस वर्षे राहणाऱ्या माणसाच्या उपदेशाला त्याची वागणूक तारण असते. लोक ती रोज पारखत असतात. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला पारखायचे कसे? गाडी धूळ उडवीत गेली की औषधाचा दुष्परिणाम झाला तरी तो गावाचा, आणि धर्मावरून भावाभावांत तेढ आली तरी तीही गावाचीच. शिवाय दुखण्याच्या भरात, दुभाष्याच्या तोंडून, तीन मिनिटांत झालेल्या स्वीकाराला मनःपरिवर्तन म्हणणे हा त्या धर्माचाही मोठा मान नव्हे. असे पुष्कळ श्रद्धाळू ख्रिस्तीही म्हणतात.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. त्या वेळी नागपूर-विदर्भ त्याच राज्यात होते. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट साधन म्हणून उपयोग करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस तिने १९५६ च्या अहवालात केली. हा अहवाल एकांगी आहे, असा आक्षेप ख्रिस्ती संस्थांनी घेतला, हेही सांगितले पाहिजे. आपल्या घटनेने प्रत्येकाला आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. परदेशी माणसाला पर्यटकाच्या व्हिसावर येऊन येथे धर्मप्रचार करता येत नाही, आणि परदेशी डॉक्टरला येथे परवानगीवाचून रोगी तपासता येत नाही. जगाच्या पातळीवर रेड क्रॉस आणि अनेक सेवासंस्थांनी १९९४ साली आपत्तीतील मदतीसाठी आचारसंहिता केली. मदतीचा उपयोग एखादे राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करायचा नाही, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यात राजकीय हा शब्द धार्मिक या शब्दाच्या शेजारीच बसला आहे. तो आपण विसरू नये.

कारण, श्रोतेहो, आपल्या गावात आज शिबिरे काय थोडी भरतात? निवडणूक जवळ आली की रक्तदाब तपासणीचा मंडप पडतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चष्मे वाटले जातात, आणि चष्म्याच्या डबीवर फोटो असतो. देवस्थाने, बुवा-महाराजांचे मठ, कारखाने, औषधाच्या कंपन्या, सारेच शिबिरे भरवतात. होंडुरासच्या डोंगरातल्या मिशनाला आपण जी फूटपट्टी लावली, ती येथे लावायला आपण तयार आहोत काय? नसू, तर मग आपला राग धर्मांतरावर आहे, गरिबाच्या अडचणीचा फायदा घेण्यावर नाही, असेच म्हणावे लागेल.

म्हणून शेवटी पाच साधे प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. कोणतेही मोफत शिबिर असो, ते कोणाचेही असो, हे प्रश्न विचारावेत. पहिला, टेबल कोठे मांडले आहे, औषधाच्या आधी की नंतर? दुसरा, ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसालाही तेवढेच औषध, तेवढ्याच आपुलकीने मिळते काय? तिसरा, तपासणीचा कागद कोणाच्या हाती राहतो? चौथा, एकतिसाव्या दिवशी रोग्याने कोणाकडे जायचे? आणि पाचवा, या खर्चात गावातले हात शिकले काय, की गावातले हात रिकामे राहिले?

या पाचही प्रश्नांना ज्याच्याजवळ उत्तर आहे, त्याने खुशाल आपल्या देवाचे नाव घेऊन सेवा करावी. तो येशूचे नाव घेवो, विठ्ठलाचे घेवो, नाहीतर आमच्यासारखा लाल बावट्याचे घेवो. ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याने निदान टेबल तरी मागच्या दाराबाहेर न्यावे. मी नेले, आणि माझे त्यात काही नुकसान झाले नाही. त्या कांडीवाल्या बाईचे नाव मी विचारले नाही, हे मात्र आजही मनाला लागून राहिले आहे.